आधी मजकूर, मग भिंती

गेममधलं एक साधं दार घ्या. ते उघडतं, की नुसतं चितारलेलं आहे? कुलूप असेल तर खेळणाऱ्याला ते लांबून कळणार कसं? दोघे मिळून खेळत असतील आणि एकजण पुढे निघून गेला, तर दार मागच्यासाठी उघडं राहायचं की नाही? लिझ इंग्लंड या गेम डिझायनरने २०१४ मध्ये असे प्रश्न एका लेखात ओळीने मांडले, आणि ‘दाराचा प्रश्न’ हा त्या व्यवसायातला परवलीचा शब्द होऊन बसला. त्रिमितीय गेममध्ये एका दारामागे मॉडेल बनवणारा, त्यावर पोत चढवणारा, त्याला हालचाल देणारा, आवाज बसवणारा, कोड लिहिणारा आणि शेवटी ते शंभरदा आपटून पाहणारा टेस्टर, एवढी माणसं लागतात. मजकुरात ‘समोर दार आहे. बंद आहे.’ एवढ्यावर भागतं, आणि खेळणारा त्या दाराचं काय करतो हे त्याच दुपारी कळतं.

या तफावतीतूनच कामाची एक रीत रुजली आहे. खेळणाऱ्याला आपल्या दुनियेत ओढून घेणारा, आत चालता-फिरता येणारा गेम उभारायचा असेल, तर तो आधी इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणून लिहून पाहायचा. इंटरॅक्टिव्ह फिक्शनची दोन घराणी आहेत. जुन्यात खेळणारा ‘उत्तरेला जा’, ‘कंदील घे’ अशा आज्ञा टाईप करतो आणि संगणक पुढचं वर्णन देतो. नव्यात मजकुराखाली पर्याय असतात, त्यांतला एक निवडायचा. चित्राची गरज दोन्हींत नाही. ‘स्वस्तात पडतं’ हे या रीतीचं नेहमीचं समर्थन. ते खरं असलं तरी अपुरं आहे. या वाटेवरचा पन्नासेक वर्षांचा इतिहास चाळला तर दिसतं, की मजकुराच्या नमुन्यातून काही गोष्टी लख्ख कळतात आणि काही अजिबात कळत नाहीत. फसगत होते ती ही हद्द न ओळखल्यामुळे.

सुरुवात अमेरिकेतल्या केंटकीच्या गुहांपासून करावी लागते. विल क्राउदर हे अर्पानेट या संगणक-जाळ्याच्या उभारणीत काम केलेले प्रोग्रामर आणि हौशी गुहाशोधक. मॅमथ केव्हच्या परिसरात घेतलेल्या मोजमापांवरून ते आणि त्यांची पत्नी पॅट संगणकावर गुहांचे नकाशे काढत. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, क्राउदर यांनी आपल्या मुलींसाठी गुहेची एक सफर फोर्ट्रान भाषेत लिहिली. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्स यांनी तिच्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ संगणकावरून संगणकावर पसरत गेला. पुढे डेनिस जेर्झ या अभ्यासकाच्या हाती क्राउदर यांचा मूळ कोड आला. जेर्झ यांनी प्रत्यक्ष गुहेत उतरून तो ताडून पाहिला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: खेळातल्या पुष्कळ जागा खऱ्या गुहेशी जुळत होत्या. नुसत्या वाक्यांनीही भूगोल उभा करता येतो, याचा एवढा चोख पुरावा क्वचितच मिळतो.

याच खेळावरून पुढे जे घडलं त्याला ‘प्रोटोटाइप’ हे नाव कोणी दिलं नव्हतं, पण ते होतं तेच. अटारी कंपनीतल्या वॉरन रॉबिनेट यांनी कोलोसल केव्ह पाहिला आणि तसाच खेळ घरच्या टीव्हीवर आणायचं मनावर घेतलं. अटारी २६०० या यंत्रात १२८ बाइट चालू स्मृती आणि कार्ट्रिजमध्ये ४ किलोबाइट जागा. मूळ खेळाला शेकडो किलोबाइट लागत. हे जमणार नाही असं वरिष्ठांनी सांगितलं, तरी रॉबिनेट यांनी करून पाहिलं. वर्णनं टाकून द्यावीच लागली. उरलं काय? खोल्या, वस्तू आणि क्रियापदं. ‘उत्तरेला जा’ याच्या जागी जॉयस्टिकने पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर पडायचं. ‘घे’ म्हणजे वस्तूला स्पर्श. ‘टाक’ म्हणजे बटण. खेळणारा पडद्यावर एक चौकोन होता. १९८० मध्ये बाजारात आलेल्या त्या ‘अ‍ॅडव्हेंचर’च्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या.

मजकुराच्या खेळातून चित्राच्या खेळात नेमकं काय जातं, याचं उत्तर रॉबिनेट यांच्या त्या चौकोनात आहे. शैली जात नाही, वातावरण जात नाही, विनोद तर बिलकूल जात नाही. जातो तो सांगाडा: कोणत्या जागा, त्या कशा जोडलेल्या, कोणती वस्तू कुठे उपयोगी पडते, आणि खेळणाऱ्याच्या हाती कोणती क्रियापदं आहेत.

त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकाच वेळी खेळायचा ‘मड’ हा मजकुराचा खेळ सुरू केला (१९७८). त्याच्या वंशजांपैकी ‘डिकूमड’ची छाप १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या त्रिमितीय ऑनलाइन गेमवर इतकी ठळक होती, की डिकूचा कोड वापरलेला नाही असं त्याच्या निर्मात्यांना प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागलं. कोड घेतला नव्हता. घेतली होती ती वर्षानुवर्षं मजकुरात घासूनपुसून सिद्ध झालेली रचना. ‘अल्टिमा ऑनलाइन’चे प्रमुख डिझायनर राफ कोस्टर हेही मडच्याच दुनियेतून आलेले.

जाणीवपूर्वक, ठरवून केलेला प्रयोग मात्र ‘सिस्टम शॉक’चा. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास कंपनीने तो १९९४ मध्ये आणला. डग चर्च आणि वॉरन स्पेक्टर हे त्यामागचे मोठे हात. पुढे ‘इमर्सिव्ह सिम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराच्या मूळपुरुषांत तो गणला जातो. गेमचं इंजिन तयार होण्याआधीच या मंडळींनी खेळातली काही मिनिटं गद्यात लिहून काढली. खेळणारा अमुक ठिकाणी उभा आहे, त्याला टेहळणी कॅमेरा वळल्याचा आवाज येतो, तो आडोसा शोधतो, मग दार उघडल्याचं ऐकू येतं, असे छोटे परिच्छेद. त्यांत कथानक नव्हतं. एका मिनिटात खेळणाऱ्याच्या कानावर काय पडेल, तो कशाला घाबरेल, काय ठरवेल, एवढंच होतं. हे परिच्छेद संगणकावर खेळता येत नव्हते, म्हणून काटेकोरपणे त्यांना इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणता येणार नाही. पण कार्य तेच. संपूर्ण तुकडीला आपण कशाचा गेम करतो आहोत हे एका वाचनात कळत होतं. पन्नास पानी तांत्रिक आराखड्याला हे साधत नाही, कारण आराखडा यंत्रणेबद्दल बोलतो आणि हे परिच्छेद खेळणाऱ्याबद्दल.

त्या वेळी झालेला आणखी एक निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे. पात्रांशी पर्याय निवडत बोलायची नेहमीची पद्धत खेळात शिरलेल्या माणसाला बाहेर खेचते, असं या मंडळींना वाटलं. म्हणून अंतराळस्थानकावरची जवळजवळ सगळी माणसं आधीच मेलेली ठेवली आणि त्यांची कहाणी मागे राहिलेल्या ध्वनिनोंदींतून सांगितली. मेलेल्यांनी आपापली गोष्ट सांगायची ही कल्पना एडगर ली मास्टर्स यांच्या ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’ या काव्यसंग्रहावरून सुचलेली. गेमची सर्वांत आधुनिक वाटणारी युक्ती १९१५ च्या कवितासंग्रहातून यावी, हे गंमतीचं आहे.

‘मिस्ट’ (१९९३) बनवणाऱ्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तर संगणकही मध्ये आणला नाही. हातात नकाशे धरून ते समोरच्याला दिसणारी जागा तोंडी सांगत आणि विचारत, आता काय करणार? संगणकाचं काम माणसाने करून पाहायची ही पद्धत संशोधनातही रुळलेली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी नट घेऊन जिवंत प्रयोग केले. एका माणसाला नाटकात सोडायचं आणि पडद्याआडून दिग्दर्शकाने नटांना सूचना द्यायच्या. बाहेरून पाहणाऱ्यांना जो प्रसंग रेंगाळलेला, विस्कळीत वाटला तोच आतल्या माणसाला गच्च धरून ठेवत होता. नमुना नुसता पाहून मत देणाऱ्या वरिष्ठांच्या खोलीत हे निरीक्षण टांगून ठेवायला हरकत नाही.

आता मजकुराची खरी ताकद. इन्फोकॉम ही ‘झॉर्क’ बनवणारी कंपनीही त्याच केंब्रिजची. तिच्या खेळांत ‘स्क्रिप्ट’ अशी आज्ञा होती. ती दिली की खेळणाऱ्याने टाईप केलेला आणि संगणकाने उत्तरादाखल दिलेला प्रत्येक शब्द नोंदला जाई. आजही ग्रॅहॅम नेल्सन यांच्या ‘इन्फॉर्म’ या भाषेत (पहिली आवृत्ती १९९३) लिहिणारे लेखक टेस्टरकडून अशीच नोंद मागवतात. टेस्टर खेळता खेळता ओळीच्या सुरुवातीला तारांकन टाकून शेरा मारतो आणि पुढे खेळतो. या नोंदींतला मौल्यवान भाग यशस्वी आज्ञांचा नसतो, फसलेल्यांचा असतो. ‘खुर्ची खिडकीखाली सरकव’. खेळाला हे कळत नाही, पण लेखकाला कळतं, की या खोलीत चढून बाहेर पाहायची इच्छा होते. जॉयस्टिकवर ‘खुर्ची सरकव’ असं बटणच नसतं, त्यामुळे चित्राच्या गेममध्ये अशी इच्छा मनात उठून विरून जाते आणि तिची नोंद कुठेही राहत नाही. अमर्याद क्रियापदं टाईप करू देणारा खेळ अखेरीस नेहमीच अपुरा पडतो, ही त्या घराण्याची जुनी दुखरी नस. पण प्रोटोटाइप म्हणून पाहिलं तर नेमका तोच दोष कामी येतो. पाच बटणांवर कोणत्या पाच क्रिया ठेवायच्या, हे ठरवायला त्या फसलेल्या आज्ञांसारखं दुसरं साधन नाही. आणि याच कारणासाठी, आज मागे पडलेलं टाईप करायचं घराणं प्रोटोटाइपच्या कामी पर्यायांच्या घराण्यापेक्षा सरस ठरतं, असं म्हणावंसं वाटतं.

प्रत्यक्षात उद्योगाने उचललं ते मात्र दुसरं घराणं. ख्रिस क्लिमस यांचं ‘ट्वाइन’ (२००९) प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही वापरता येतं. ‘ब्लॅक मिरर : बँडरस्नॅच’ (२०१८) लिहिताना चार्ली ब्रूकर यांना साध्या पटकथेत फाटे सांभाळता येईनात, तेव्हा ते ट्वाइनकडेच वळले. केंब्रिजच्या (या वेळी इंग्लंडमधल्या) इंकल कंपनीने ‘८० डेज’ (२०१४) सारख्या खेळांसाठी घडवलेली ‘इंक’ ही भाषा २०१६ मध्ये सर्वांना खुली केली. तिच्या संपादकात डावीकडे लिहायचं आणि उजवीकडे लगेच खेळून पाहायचं. ‘नाइट इन द वूड्स’साठी टास्मानियातल्या सीक्रेट लॅबने केलेला ‘यार्न स्पिनर’ आता इतर अनेक गेममध्ये आहे. दहा लाखांहून अधिक शब्दांचा ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) ‘आर्टिसी ड्राफ्ट’मध्ये विणला गेला. या साधनांनी इच्छा टिपता येत नाहीत, कारण पर्याय लेखकानेच दिलेले असतात. टिपता येतात ते परिणाम: पहिल्या प्रकरणात बोललेलं खोटं चौथ्यात कुणाच्या तोंडून परत येतं, कोणती वाट कुणीच चालत नाही, कोणता फाटा पुढे जाऊन मुकाट्याने मूळ रस्त्याला मिळतो.

इंक किंवा यार्न स्पिनरचा आणखी एक गुण सांगितला जातो. त्यात लिहिलेला मजकूर युनिटीसारख्या गेम इंजिनात तसाच घालता येतो, म्हणजे नमुना फेकून द्यावा लागत नाही. हा गुण संशयानेच पाहावा. टाकता येत नाही असा नमुना हळूहळू बांधकाम होऊन बसतो, आणि मग त्यातली चुकीची खोलीसुद्धा ‘लिहून झालीय’ म्हणून राहते.

मर्यादा कुठे सुरू होतात हे दाखवायला दोन जहाजं पुरेत. लंडनच्या फेलबेटर कंपनीचा ‘फॉलन लंडन’ हा मजकुराचा खेळ २००९ पासून ब्राउझरवर चालू आहे. लाखो शब्द, हजारो खेळाडू, वर्षानुवर्षं पारखलेली एक काळोखी दुनिया. त्या दुनियेत जहाज हाकायचा ‘सनलेस सी’ २०१५ मध्ये पूर्ण झाला. बेटं, माणसं, भूक, वेड हे सगळं जणू आधीच सिद्ध होतं. लढाई मात्र आधी आळीपाळीने डाव टाकायची होती, ती विकासाच्या मध्यावर मोडून वाहत्या वेळेत चालणारी करावी लागली. दुसरं जहाज इंकलच्या ‘हेवन्स व्हॉल्ट’चं (२०१९). त्यातली प्राचीन लिपी उलगडण्याची कल्पना आणि संवाद वाखाणले गेले, पण आकाशनद्यांतून जहाज हाकण्याचा भाग लांबतो अशी तक्रार बऱ्याच परीक्षकांनी केली. दोन्ही ठिकाणी लेखन अव्वल, आणि दोन्ही ठिकाणी अडचण वेळेची. मजकुरात ‘तीन दिवसांनी बंदर दिसलं’ हे वाचायला एक क्षण लागतो. तो प्रवास हाताने करायला लावला, की त्याचा कंटाळा येतो का, हे वाक्य सांगू शकत नाही.

नाटकाच्या संहितेचं वाचन करताना संवाद जिवंत आहे की नाही हे कळतं. पण सोफ्यापासून दारापर्यंत पोचायला नटीला ते वाक्य पुरतं का, हे उभं राहून तालीम केल्याशिवाय कळत नाही. गेममधली उभी तालीम म्हणजे ‘ग्रेबॉक्स’, करड्या ठोकळ्यांनी रचलेली जागा. मजकूर आणि ग्रेबॉक्स हे एकमेकांचे पर्याय नाहीत.

त्याहून खोल अडचण नजरेची आहे. ‘टेबलावर एक गंजलेली किल्ली आहे’ असं लिहिलं की लेखकाने बोट दाखवलंच. त्रिमितीय खोलीत टेबल आहे, पडदे आहेत, छताला डाग आहे, आणि खेळणारा त्या डागाकडे पाहत उभा राहू शकतो. म्हणून मजकुरात सहज सुटणारं कोडं चित्रात कुणाच्या नजरेलाच पडत नाही. प्रोटोटाइपमध्ये सगळ्यांनी किल्ली उचलली, या निष्कर्षाला तिथे काडीची किंमत नसते. आणखी एक उदाहरण म्हणून २०२३ चा ‘कोलोसल केव्ह’ पाहावा. ‘मिस्ट्री हाउस’मधून साहसखेळांत चित्र आणणाऱ्या रॉबर्टा विल्यम्स यांनी क्राउदर-वूड्स यांची तीच गुहा त्रिमितीत आणि व्हीआर चष्म्यातही आणली. परीक्षकांची मतं संमिश्र होती. जुन्या खेळाचे नियम निष्ठेने पाळले होते, पण वाक्यांत असलेला गूढपणा दगडांच्या मॉडेलमध्ये आपोआप उतरत नाही.

‘आत ओढून घेणं’ म्हणजे काय, याची सर्वांत रोखठोक तपासणी जॉर्जिया टेकमध्ये झाली. मायकेल मातेआस आणि अँड्र्यू स्टर्न यांच्या ‘फसाड’मध्ये (२००५) खेळणारा एका भांडणाऱ्या जोडप्याच्या घरी जातो आणि मनाला येईल ते टाईप करून बोलतो. स्टीव्हन डाउ आणि सहकाऱ्यांनी त्याची तीन रूपं लोकांना खेळायला दिली: टाईप करायचं, बोलायचं, आणि डोक्याला चष्मा लावून खऱ्या खोलीत वावरायचं. बोललेलं ओळखायला पडद्याआड माणूस बसवला होता. २००७ मध्ये मांडलेले निष्कर्ष असे, की खऱ्या खोलीत ‘आपण तिथे आहोत’ ही जाणीव वाढली, पण गुंतणं त्या प्रमाणात वाढलं नाही. काहींना तर पडद्याचं अंतरच बरं वाटलं. दोघांच्या भांडणात प्रत्यक्ष उभं राहणं अवघडल्यासारखं होत होतं. म्हणजे मजकुराच्या नमुन्यात गुंतलेला माणूस चष्मा घातल्यावर आणखी गुंतेल, हे गृहीत धरता येत नाही. तो संकोचेल, अशीही शक्यता आहे.

यंत्रांच्या बाबतीत मात्र मजकूर-आधी ही रीत चांगली चाललेली दिसते. २०२१ मध्ये सादर झालेल्या ‘अ‍ॅल्फवर्ल्ड’ या संशोधनात संगणकाला घरकामाची साधी कामं (बटाटा गरम करून टेबलावर ठेवणं वगैरे) आधी मजकुराच्या खेळात शिकवली आणि मग त्याच कामांसाठी त्रिमितीय घरात सोडलं. थेट त्रिमितीत शिकवण्यापेक्षा हे कितीतरी वेगाने झालं. भाषा-प्रारूपांचा प्रोटोटाइपसाठी उपयोग मात्र जपून करावा. अशाच प्रारूपावर चालणाऱ्या २०१९ च्या ‘एआय डन्जन’ने दाखवलं, की असा खेळ काहीही टाईप केलं तरी हो म्हणतो. इच्छा गोळा करायला तो उत्तम. पण खेळाच्या नियमांची परीक्षा नकार देणाऱ्या यंत्राकडूनच होते.

मराठीत हे करून पाहणाऱ्याला काही वेगळे पेच पडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर पोचला, म्हणजे त्रिमितीचं कसब इथे आहे. पण त्याच कंपनीची त्याआधीची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नव्हती, तेव्हा शब्दांत आधी करून पाहण्याची गरज इथे कमी नाही. टाईप करायच्या घराण्यात पहिली अडचण व्याकरणाची. ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ दोन्ही बरोबर, आणि ‘कंदील’चं ‘कंदिलाने’ होताना शब्दच बदलतो. इन्फॉर्मची रचना मात्र क्रियापद आधी येईल असं धरून चालते. पर्यायांच्या घराण्यात वेगळीच गोची आहे. ‘तू आत गेलास’ की ‘गेलीस’? पहिल्याच वाक्यात खेळणाऱ्याचं लिंग ठरवावं लागतं. कसलेला लेखक ‘दार उघडलंस, आत पाऊल टाकलंस’ असं लिहून वाट काढतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. ट्वाइन ब्राउझरवर चालत असल्याने देवनागरी त्यात नीट उमटते. तोच मजकूर युनिटीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये नेला, की जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘किल्ली’ची पहिली वेलांटी क च्या उजव्या बाजूला जाऊन बसते. त्यामुळे मराठी नमुन्याचं एक पान पहिल्याच आठवड्यात इंजिनात टाकून पाहावं लागतं. बाकीचं लेखन त्यानंतर.